घरतभाऊ, हयात

मे महिन्यात बेलापूरच्या खाडीवरून येणारा वारा अंगाला चिकटतो. पंख्याखाली बसलं तरी पाठ ओली ती ओलीच. अशा दिवसांत आमच्या ऑफिसात एक माणूस डोक्याला लोकरीचा मफलर गुंडाळून बसायचा. कान आत, मान आत, कपाळाची जेमतेम दोन बोटं पट्टी बाहेर. मफलर दोन होते, एक तपकिरी आणि एक करडा. एक डोक्याला, एक दोरीवर. खेडोपाडीची माणसं ऑफिसात आली की "ते मफलरवाले भाऊ कुठं बसतात?" असंच विचारायची. आम्ही आतल्या आत हसायचो आणि खिडकीजवळच्या टेबलाकडे बोट दाखवायचो. ते टेबल जनार्दन घरतांचं.

मी तिथं टायपिस्ट म्हणून लागले ती सत्तरचं दशक संपता संपता. नवं शहर तेव्हा बरंचसं कागदावरच होतं. वाशीचा पूल झाला होता, चार-दोन इमारती उभ्या राहिल्या होत्या, बाकी सगळी भातशेती, मिठागरं आणि चिखल. त्या जमिनी घ्यायच्या तर नोटीस कुणाच्या नावानं काढायची हे आधी ठरायला हवं. सातबाऱ्यावरचा माणूस मरून तीस वर्षं झालेली, त्याची मुलं-नातवंडं पांगलेली. मग प्रत्येक घराची वंशावळ काढायची. ते काम घरतभाऊंचं. ते स्वतः अलिबागकडच्या आगरी घरातले, मॅट्रिक झालेले, तेव्हा चाळिशीच्या अलीकडे. लग्न केलेलं नव्हतं. पनवेलला एका खोलीत राहायचे.

वंशावळ काढायची त्यांची स्वतःची रीत होती. घरातले पुरुष जी यादी लिहून आणत ती ते नीट वाचायचे, घडी घालायचे आणि टेबलावर बाजूला ठेवायचे. मग विचारायचे, "घरात म्हातारी कोण आहे?" तिला आणल्याशिवाय पेन्सिल कागदाला लागायची नाही. कारण सरळ होतं. पुरुषांच्या यादीत मुली नसायच्या. लेक लग्न करून गेली की तिची फांदी तिथंच संपली, असं धरून चालायचे सगळे.

एकदा खाडीकाठच्या गावचे तिघे भाऊ आले. यादीत तीनच नावं. त्यांची आई जिना चढवेना म्हणून खाली पायरीवर बसली होती. घरतभाऊ खाली गेले आणि तिच्या शेजारी पायरीवरच बसले. मी चहा प्यायला खाली आले होते, म्हणून ऐकलं.

"आये, पोरं किती तुना?"

"तीन पोरगे हायेत."

"आनि पोरी?"

"पोरी दोन. पन त्या दिल्या."

"दिल्या म्हंजे मेल्या काय?"

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. "नाय रं बाला! हायेत की. एक उरनला हाय, एक दिवाल्याला."

दोन्ही नावं त्यांनी तिथंच गुडघ्यावर कागद ठेवून लिहिली. म्हातारी इतका वेळ त्यांच्या डोक्याकडे बघत होती. तिनं विचारलंच. "तुजे डोस्क्याला क झायलाय रं?"

"थंडी वाजते, आये."

"मे महिन्यान?"

"मना बारा महिने वाजते."

"दिल्या म्हणजे मेल्या काय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. ते ऐकून कितीतरी भाऊ त्यांच्या टेबलावरून तणतणत गेले असतील. आमचे हेडक्लार्कही वैतागायचे. "घरत, तुमच्यामुळं प्रत्येक फाइल दुप्पट होते हो!" घरतभाऊ मान वर न करता म्हणायचे, "साहेब, माणसंच दुप्पट आहेत." प्रत्येक नावापुढं कंसात ते एकच शब्द लिहायचे, हयात किंवा मयत. अक्षर छापल्यासारखं. कुणाचं खातरीनं कळलं नाही तर महिना महिना कंस रिकामा ठेवायचे, पण अंदाजानं कुणाला मारायचे नाहीत.

आता लाज वाटते अशी गोष्ट सांगते. ऑफिसात घरतभाऊंचा पेला वेगळा होता. स्टीलचा, तळाशी नाव कोरलेला. तो कुणी त्यांना वेगळा काढून दिला नव्हता, त्यांनीच पहिल्या दिवशी घरून आणला होता म्हणे. माठातलं पाणी ते शिपायाला ओतायला सांगायचे, स्वतः माठाला हात लावायचे नाहीत. डबा खिडकीकडे तोंड करून खायचे. एसटीत शेवटच्या बाकावर बसायचे. त्यांच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना मोहरीसारखे बारीक दाणे होते, दाटीवाटीनं, कातडीच्याच रंगाचे. त्यावरून ऑफिसात कुजबुज होती, की हा महारोग असणार, मफलराखाली काय काय असेल देव जाणे. तोंडावर कुणी बोललं नाही. पण एकदा त्यांनी माझ्या टेबलावर कागद ठेवताना वाकून बघितलं, तेव्हा मी माझा डबा अलीकडे ओढला. मुद्दाम नव्हे, हात आपोआप गेला. त्यांनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून कागद टेबलाच्या अगदी कडेला ठेवायला लागले.

मफलर मी निघालेला पाहिला तो रेकॉर्डरूममध्ये. वरच्या फळीवरची फाइल काढायला ते स्टुलावर चढले होते. उतरताना रॅकच्या खिळ्यात लोकर अडकली आणि सगळा पीळ सुटून खाली आला. मी दारात होते. डोकंभर गाठी होत्या. काही सुपारीएवढ्या, काही लिंबाएवढ्या, गुलाबी, गुळगुळीत, एकीला एक लागून. त्यांच्यावर केस नव्हते, मधल्या फटींतून तेवढे बारीक कापलेले केस दिसत होते. मी ओरडले नाही एवढंच. घरतभाऊंनी घाई केली नाही. मफलर झटकला, स्टुलावर बसले आणि मांडीवर त्याची घडी केली.

"बघितलंत ना? आता विचारा, कदमबाई. न विचारता बघत राहतात त्याचा त्रास होतो."

मी विचारलं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी पहिली गाठ आली. वडिलांना होत्या, आत्याला होत्या. आत्या डोक्यावरचा पदर जन्मात कधी ढळू द्यायची नाही. "गावात तिचा दाखला द्यायचे. बाई असावी तर अशी! तिला बिचारीला गर्मीनं चक्कर यायची." हे सांगताना ते खरोखर हसले. मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी एक गाठ कापून तपासली होती. केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी असतात तिथं या गाठी धरतात. महारोग नाही, दुसऱ्याला लागत नाही. रक्तातून येतं. आईबापांतल्या एकाला असलं की प्रत्येक मुलाच्या वाट्याला येण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. कापता येतात, पण पुन्हा नव्या येतात.

"मग तुम्ही ऑफिसात सांगत का नाही?" मी म्हटलं. "दुसऱ्याला लागत नाही असं लिहून आणा की त्यांच्याकडून."

त्यांनी शर्टाच्या खिशातून घड्या पडून पडून फाटायला आलेली चिठ्ठी काढली. डॉक्टरीणबाईंच्या सहीची. सहा वर्षं ती खिशात होती. "कुणी विचारलं तर दाखवायला ठेवलीय," ते म्हणाले. "कुणी विचारलंच नाही."

त्या दिवसापासून मी माझी खुर्ची त्यांच्या टेबलाजवळ ओढून डबा खायला लागले. फार मोठं काही केलं असं नाही. उशीरच झाला होता.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना घराण्याचा तक्ता काढून आणायला सांगितलं होतं, कुणाकुणाला गाठी होत्या ते दाखवणारा. हे तर त्यांचं रोजचंच काम. त्यांनी चार पिढ्यांची वंशावळ काळ्या शाईनं काढून नेली. बाई खूश झाल्या. मग बोट ठेवून म्हणाल्या, "तुम्ही एकटेच? बहीण नाही?"

"मी नाही म्हणालो," घरतभाऊ मला म्हणाले. "कदमबाई, मी! लोकांच्या बहिणी हुडकत फिरणारा माणूस."

बहीण होती. सुमन, त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. तिलाही नाकाजवळ थोडे दाणे आणि अंबाड्याखाली झाकतील अशा दोन गाठी होत्या, तेवढंच. पण वडिलांचं डोकं बघून तिची दोन स्थळं परत गेली. तोवर घरतभाऊंचं डोकंही भरलं होतं. वडील वारले आणि उरणचं स्थळ आलं. तेव्हा घरतभाऊंनीच तिला शिकवलं, की माहेरी कोण आहे विचारलं तर सांग, कुणी नाही, एक भाऊ होता तो गेला. लग्न मामाच्या घरून झालं. घरतभाऊ त्या दिवशी पनवेलला खोलीत होते.

"म्हणजे उरणला मी मयत आहे," ते म्हणाले. "कंसात."

वर्षातून एकदा मात्र ते उरणला जायचे. भाऊबीजेला. हे मला कळलं कारण मी पनवेलला एसटी स्टँडवर त्यांना त्या दिवशी पाहिलं, इस्त्रीचा शर्ट, धुतलेला तपकिरी मफलर, काखेत साडीचा पुडा. उरणच्या स्टँडमागं एक लहानसं देऊळ आहे. सुमन बाजाराच्या निमित्तानं तिथं यायची. स्टीलच्या डब्यात निरांजन, सुपारी, कुंकू. दुपारी बारा ते सव्वाबारा. कपाळाच्या त्या दोन बोटांच्या पट्टीवर कुंकू लावायची, ओवाळायची, डबा बंद करायची आणि जायची. अठरा वर्षं असं चाललं होतं. ऑफिसात दिवाळीनंतर आठवडाभर घरतभाऊ जरा जास्त बोलायचे, त्याचं कारण हे होतं.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी सुमन ऑफिसातच आली. मी तिला पूर्वी पाहिलं नव्हतं, पण नाकाजवळचे दाणे पाहून ओळखलं. घरतभाऊ उठून उभे राहिले आणि पहिल्यांदा मला ते घाबरलेले दिसले.

"दादूस, नंदाला झायलंय," ती बसायच्या आधीच म्हणाली. नंदा तिची एकुलती मुलगी, सतरा वर्षांची. डोक्यात चार गाठी आल्या होत्या. सासूनं भगताकडे नेलं. त्यानं बिब्बा लावून त्या जाळल्या, पाणी झालं, पू झाला. पोरीनं कॉलेज सोडलं, आरसा भिंतीकडे फिरवला आणि माजघरात डोक्यावर टॉवेल घेऊन बसली. "म्हनते, मनाच का? आख्ख्या दुनियेन मनाच का? डॉक्टरनीला विचारून औषद दे ना मना."

"औषध नाही. तिला तिथं न्यायला हवी. आणि सुमे, तिला सांग की तिच्या मामाला आहे."

"कंच्या मामाला?" सुमन म्हणाली आणि रडायला लागली. "सासूला क सांगू? अठरा वर्सं खोटं बोलली? माज्यामुलं झायलं पोरीला? मना घरातून काडतील, दादूस. तू येव नको. तुला पाया परते."

ते तिला एसटीपर्यंत सोडून आले आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी एकही फाइल उघडली नाही. सुटायच्या वेळी पाहिलं तर टेबलावर वंशावळ होती, त्यांची स्वतःची, नव्यानं काढलेली. या वेळी सुमनची फांदी होती. सुमन (हयात). खाली नंदा (हयात). त्यांच्या नावापुढचा कंस रिकामा होता.

"कदमबाई, मी गेलो तर सुमन माझ्याशी पुन्हा बोलणार नाही," ते म्हणाले. "तिचा स्वभाव मला माहीत आहे. आणि नाही गेलो तर पोरगी टॉवेल घेऊन म्हातारी होईल. माझ्यासारखी." कागदाची घडी घालत म्हणाले, "माझ्याकडे ती पंधरा मिनिटंच आहेत हो वर्षाची."

मी नुसती त्यांच्याजवळ बसून राहिले.

शनिवारी ते म्हणाले, "रविवारी येता का उरणला? एकटा गेलो तर भूत म्हणून पळतील."

घर गावातलंच होतं, ओटी शेणानं सारवलेली, सासू सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली. भर दुपारचं ऊन. घरतभाऊ ओटीखाली उभे राहिले.

"मी जनार्दन. सुमनचा भाऊस."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "सुमनचा भाऊस तं मेला."

"नाय. झाकून ठेवला व्हता."

त्यांनी मफलर सोडायला सुरुवात केली. घाई नाही, एक एक पीळ. शेवटचा पदर निघाला तेव्हा समोरच्या घरातल्या दोन बायका बाहेर येऊन उभ्या राहिल्या होत्या. घरतभाऊ ओटीच्या कडेला बसले, डोकं उन्हात, मफलर हातात. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. सुमन दारात आली, आम्हाला बघितलं आणि मागं फिरली. तिचं तोंड मला विसरता येत नाही. तिला वाटत असेल की भावानंच घर मोडलं.

म्हातारी उठली, काहीतरी बोलायला लागली, पण तेवढ्यात तिच्या मागून ती पोरगी बाहेर आली. डोक्यावर टॉवेल, त्याला औषधाचे पिवळे डाग. ती घरतभाऊंच्या समोर उभी राहिली आणि बघत राहिली. मग हात पुढं केला आणि एका गाठीला बोट लावलं.

"दुकतान का?"

"थंडीन दुकतान," ते म्हणाले. "म्हनून मफलर."

इतकी वर्षं आम्ही ती थंडी थट्टा समजत होतो.

"तुमाला कवापासून?"

"तुज्या वयाचा व्हतो. माज्या बापासला व्हत्या, आत्याला व्हत्या. तू एकटी नाय, पोरी. मी कागद आनलाय, बग." आणि त्यांनी खिशातून वंशावळ काढून तिच्या हातात दिली. पोरगी उभ्या उभ्या एकेक नाव वाचत गेली. सुमनचा नवरा कधी बाहेर आला कुणाला कळलं नाही. गोदामात सुपरवायझर होता, मितभाषी. त्यानं मुलीच्या खांद्यावरून कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, "दवाखाना कितीला उघडतो?"

सुमन बाहेर आली नाही. निघताना घरतभाऊ दाराशी थांबून "सुमे" म्हणाले. आतून उत्तर आलं नाही. परतीच्या एसटीत ते शेवटच्या बाकावर बसले नाहीत. पुढं बसले, मफलर मांडीवर. भरल्या गाडीतही शेजारची जागा अर्ध्या वाटेपर्यंत रिकामीच राहिली, मी मागं गर्दीत अडकून उभी आहे हे त्यांना दिसलं तेव्हा कुठं त्यांनी मला बोलावलं.

नंदावर उपचार झाले. जळलेल्या जखमा भरल्या, तीन गाठी काढल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुन्हा येतील, तेव्हा पुन्हा काढू. ती पनवेलला कॉलेजात जायला लागली आणि एके दिवशी मामाला भेटायला ऑफिसात आली. तहान लागली होती. तिनं समोरचा स्टीलचा पेला उचलला, माठात बुडवला आणि घटाघटा पाणी प्यायली. सगळं ऑफिस बघत होतं. हेडक्लार्कनी फाइलमध्ये तोंड घातलं. घरतभाऊ म्हणाले, "अगं, तो माझा आहे." ती म्हणाली, "मग?" आणि दुसऱ्यांदा बुडवला.

माझं लग्न झालं आणि मी नोकरी सोडून ठाण्याला गेले. घरतभाऊंना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर तीन वर्षांनी, भाऊबीजेलाच. मी नणंदेकडे उरणला आले होते. स्टँडवर उतरले आणि सहज देवळात डोकावले. ते बाकावर बसले होते. डोकं उघडं. गाठी वाढल्या होत्या. शेजारी साडीचा पुडा. समोरून जाणारी मुलं थांबून बघत होती आणि ते त्यांना बघू देत होते.

मी शेजारी बसले. नंदाचं विचारलं. ती शिक्षिकेचा कोर्स करत होती, येत-जात असते म्हणाले. मग मी घड्याळात पाहिलं. साडेबारा वाजून गेले होते.

"सुमनताई येऊन गेल्या?"

"नाही. त्या दिवसानंतर नाही आली."

"मग तुम्ही?"

"मी येतो. दर वर्षी." पुड्याची सुटलेली गाठ ते परत बांधायला लागले. "मेलेला होतो तोवर येत होती हो, कदमबाई."

मला रडू आलं, त्यांना नाही. माझी एसटी लागली म्हणून त्यांनीच मला उठवलं. खिडकीतून देवळाचा ओटा दिसत होता. घरतभाऊ बाकाच्या एका टोकाला सरकून बसले होते, दुसऱ्या टोकाला पुडा होता, आणि मध्ये एक डबा उघडता येईल एवढी जागा त्यांनी रिकामी ठेवली होती.